पिंपात बसणारे लॉर्डसाहेब

मी एक जुनं पिंप आहे, मित्रांनो, आणि तेही अर्धवट. माझ्या पोटाची एक बाजू कमरेपर्यंत कापलेली आहे. तिथून माणसं आत शिरत आणि बसत. इंग्लंडच्या आरमाराचे मोठमोठे साहेब माझ्यात बसून गेले. बसण्याआधी बहुतेकांनी नाक मुरडलं, कारण जन्मापासून चार वर्षं माझ्यात खारवलेलं मांस भरलेलं असे. ओकच्या लाकडात मुरलेला वास कितीही घासला तरी जात नाही.

मांसाच्या पिंपावर ही वेळ कशी आली, ते सांगतो. मोठं जहाज बंदराबाहेर खोल पाण्यात उभं राहतं. त्याच्या अंगाला पायऱ्या असतात, पण भिंतीसारख्या सरळ. खलाशी त्यावरून माकडासारखे चढतात. ज्यांना ते जमत नाही, म्हणजे म्हातारे, जाडे आणि सरकारी पाहुणे, त्यांना खालच्या होडीतून वर ओढून घ्यावं लागे. 'वेदरकॉक' नावाच्या आमच्या जहाजावरच्या सुताराने मला कापलं, आत एक फळी बसवली आणि दोन्ही बाजूंना लोखंडी कड्या ठोकल्या. कड्यांना दोर, तो दोर वरच्या आडव्या काठीला लावलेल्या कप्पीतून पलीकडे, आणि त्याच्या टोकाला आठ-दहा खलाशी. तांडेलाने शिट्टी फुंकली की ओढायचं, दुसरी फुंकली की थांबायचं.

आमच्या तांडेलाचं नाव जेबेझ पेंगेली. खलाशांवर हुकमत त्याची, आणि जहाजावरचा प्रत्येक दोर त्याच्या जबाबदारीचा. तो कॉर्नवॉलचा होता, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा. बायको वारलेली. ट्रिफेना नावाची एकच मुलगी. ती बंदरातल्या शिडांच्या कारखान्यात निशाणं शिवायची आणि रविवारी बापाला भेटायला येताना बटाटा-मांसाची करंजी फडक्यात गुंडाळून आणायची. तो अर्धी खायचा आणि उरलेली अर्धी, "मला भूक नाही," म्हणून तिलाच द्यायचा. ती रागावायची. दर रविवारी हेच.

तेव्हा वाफेची जहाजं नुकती दिसू लागली होती, पण आरमार अजून दोरांवरच उभं होतं. आणि त्या वर्षी आमच्याकडे आलेले दोर वाईट होते. वरून काळेभोर, डांबर पाजलेले, दिसायला झकास. पण जेबेझने एकदा पीळ उकलून आत बोट घातलं तर आत जुना, कुजका वाख, म्हणजे दोर वळायचा धागा, निघाला. हॅस्केल नावाच्या कुणा ठेकेदाराने मोडीत निघालेल्या दोरांना नव्या वाखाचा अंगरखा चढवला होता. जेबेझने तीन वेळा लंडनला अर्ज पाठवला. तिन्ही वेळा सुंदर अक्षरात एकच उत्तर आलं: 'मंडळाच्या आज्ञेवरून कळविण्यात येते की, सदर दोर तपासणीत उत्तम ठरला आहे.' तिसरं उत्तर आलं त्याच आठवड्यात आमोस नावाचा खलाशी शीड गुंडाळताना वरून पडला. त्याच्या हातात तुटका दोर तसाच होता.

मग बातमी आली की नौखात्याचे पहिले लॉर्ड, हार्टस्वेलसाहेब, वार्षिक पाहणीला येणार.

त्या दिवशी मला घासायला बसलेल्या खलाशांत जुंपली. एक म्हणाला, "हा लॉर्ड कधी समुद्रावर गेलाय का रे?"

"कशाला जाईल? टेम्स नदीवरच्या नावेत बसला तरी त्याला मळमळतं, बोट लागते म्हणे."

"वा! ज्याला बोट लागते तो आरमाराचा धनी. आणि वर त्याला मांसाच्या पिंपातून ओढायचा!"

"मांस तरी चार दिवस टिकायचं."

सगळे हसले. जेबेझ हसला नाही. म्हणाला, "पूर्वी एकच आरमारप्रमुख असायचा. राजाचा भाऊ, नाहीतर काका. मग त्या एका माणसाच्या जागी मंडळ बसवलं. त्यातला पहिला, तो पहिला लॉर्ड. कधी दर्यावर्दी, कधी जमिनीवरचा. दर्यावर्दी बसले तेव्हा त्यांनी काय दिवे लावले? आपापल्या सोयऱ्यांना जहाजं वाटली."

"पण तांडेल, त्याला दोरातलं काय कळणार?"

"काही नाही. पण त्याला पार्लमेंटात उभं राहून जाब द्यावा लागतो. आणि आपल्याला काही कळत नाही, एवढं तरी ज्याला कळतं, त्याला दाखवलं तर तो बघतो. कळणारा बघतच नाही."

मित्रांनो, तीन अर्ज फुकट गेल्यावर त्याची सगळी आशा या एका गोष्टीवर होती: लॉर्डसाहेबांच्या डोळ्यांना तो दोर दिसावा. पण पाहुणा सांगून येणार असला की घरात काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे. कप्तानसाहेबांनी जहाज रंगवून घेतलं. पितळ चकचकीत झालं. आणि माझ्यासाठी कुठून तरी एक नवाकोरा पांढरा दोर पैदा केला. ट्रिफेनाला बोलावून माझ्यावर लाल कापडाचं आवरण शिवून घेतलं. म्हणून पाहणीच्या दिवशी ती जहाजावर होती.

लॉर्डसाहेबांची होडी जहाजाला लागली. मला खाली सोडलं. साहेब साठीचे, गोरे, घामेजलेले. बोट लागलीच होती बहुतेक. ते माझ्यात बसले आणि त्यांचा हात सहज दोरावर गेला. त्यांच्या आजोबांचा लोकरीचा धंदा होता. धागा दिसला की तो बोटांनी चाचपून बघायचा, ही घरातली सवय. त्यांनी वर पाहिलं.

"कप्तान, हा दोर पांढरा आणि बाकीचे सगळे काळे. असं का?"

कप्तानसाहेब वरून म्हणाले, "डांबराचा फरक आहे, माय लॉर्ड."

"तुम्ही तांडेल ना?" साहेबांनी जेबेझकडे पाहिलं. "तुम्ही सांगा."

जेबेझने शिट्टी तोंडातून काढली. "हा तुमच्यासाठी आहे, साहेब. बाकीचे आमच्यासाठी."

"पेंगेली!" कप्तान ओरडले.

"बोलू द्या त्याला."

"काळा दोर आतून कुजलाय, साहेब. आमोस त्याच्यामुळेच गेला. मी तीनदा लिहिलं."

लॉर्डसाहेबांचा चेहरा उतरला. मी त्यांच्या पाठीला लागून होतो, मला त्यांचा श्वास कळत होता. ते म्हणाले, "त्या दोराच्या कागदावर माझी सही आहे. मी उत्तम म्हणून सही केली आहे." मग जरा थांबून, "तर मलाही त्याच दोराने ओढा. हुकूम आहे माझा."

कप्तान अदबीने वाकले. "क्षमा असावी, माय लॉर्ड. मंडळाच्या हुकमाला दोन सह्या लागतात. एकट्या पहिल्या लॉर्डांच्या शब्दावर मी तुमचा जीव धोक्यात घालू शकत नाही."

आणि ते खरंच होतं, मित्रांनो. एवढं मोठं आरमार ज्याच्या नावाने चालतं, त्याला एकट्याला एक दोर बदलायचा हुकूम देता येत नव्हता.

"हुकूम राहू द्या," साहेब म्हणाले. "विनंती समजा."

ते माझ्यातून उठून होडीत उभे राहिले. जेबेझ पायऱ्यांवरून होडीत उतरला. त्याने पांढरा दोर सोडला आणि वरून कप्पीतून खाली सोडलेला काळा दोर माझ्या कड्यांना बांधला. साहेब पुन्हा बसायला पुढे झाले तेव्हा त्याने त्यांना हाताने अडवलं. "थांबा साहेब. मी स्वतः बसून पाहिल्याशिवाय या पिंपात आजवर कुणाला बसवलेलं नाही. आजही बसवणार नाही."

वरून ट्रिफेनाने कठड्यावर वाकून हाक मारली, "बाबा, नको."

"अगं, रोज आम्ही याच्यावरच लोंबकळतो," तो म्हणाला. "रोजचंच तर आहे."

तो माझ्यात बसला. किती जण बसले असतील माझ्यात, पण त्याच्यासारखं हलकं, न डगमगता कुणी बसलं नाही. दुसऱ्या खलाशाने शिट्टी फुंकली. आम्ही वर निघालो. पाणी खाली गेलं, होडी लहान झाली. अर्ध्याहून वर आलो तेव्हा मला माझ्या कडीत एक आवाज ऐकू आला. कुणी कोरडा पाव मोडावा, तसा. एक पीळ सुटला होता. मला कळलं. सगळ्यांच्या आधी मला कळलं. मी सगळं बळ एकवटून करकरलो, पण जुनं लाकूड करकरतंच, कोण लक्ष देणार? जेबेझने मात्र वर पाहिलं. त्यालाही कळलं असावं. कारण तो मुलीकडे बघून हसला.

मग दोर नव्हताच.

आम्ही होडीच्या काठावर आदळलो. माझी एक फळी फुटली. जेबेझचं काय झालं ते मी सांगणार नाही. पाण्यावर लाल कापड पसरलं होतं. समुद्रपक्षी तेवढे ओरडत होते. लॉर्डसाहेब होडीत गुडघे टेकून बसले होते. त्यांच्या हातात दोराचं टोक होतं. वरचा काळा वाख निघाला होता आणि आतून तपकिरी भुगा त्यांच्या पांढऱ्या हातमोज्यांवर सांडत होता. ते त्याच्याकडे बघतच राहिले.

ट्रिफेना त्या उभ्या पायऱ्यांवरून, झगा एका हातात धरून, खाली आली. कुणाला थांबवायचं सुचलंही नाही. तिने बापाचं डोकं मांडीवर घेतलं. त्याचे केस बोटांनी मागे सारले, जणू रविवार होता आणि तो वाऱ्यातून आला होता. रडली नाही. मग म्हणाली, "आता झाल्या का दोन सह्या, साहेब? का अजून कुणाला वर पाठवायचंय?"

लॉर्डसाहेबांनी हातमोजे काढून टाकले. ते उठले आणि पायऱ्या चढू लागले. ज्यांना नावेत बसून बोट लागते, ते साहेब, हात सोलवटत, दोनदा घसरत, कुणाचा हात न घेता वर गेले. वर जाऊन त्यांनी खलाशांपुढे टोपी काढली. भाषण केलं नाही.

चार महिन्यांत बंदरातला प्रत्येक काळा दोर उकलून पाहिला गेला. निम्म्याहून जास्त जाळले. हॅस्केलच्या वखारीला टाळं लागलं. ज्याने हे सगळं घडवून आणलं, तो माणूस मात्र थडग्यात होता. दफनानंतर लॉर्डसाहेब ट्रिफेनाच्या दारात गेले, असं खलाशी सांगत. तिला काय हवं ते विचारलं. पेन्शन, घर, काहीही. ती म्हणाली, "पुढच्या वेळी याल तेव्हा सांगून येऊ नका."

त्यांनी ते पाळलं. एकदा पहाटे, एकदा भर पावसात, भाड्याच्या होडीतून, एकटेच आले. जहाज जसं असायचं तसं त्यांना दिसलं. त्यांनी माझ्यात बसायला नकार दिला. दोराला मात्र दर वेळी हात लावला, आणि एका खलाशाकडून पीळ कसा उकलायचा ते शिकून घेतलं.

पण जमिनीवरच्या प्रमुखांचं पद हे असंच असतं, मित्रांनो. राज्यकारभार बदलला की तेही बदलतात. चौदा महिन्यांत सरकार पडलं आणि लॉर्डसाहेब घरी गेले. नवे आले. ते सांगून आले. जहाज रंगवलं गेलं. माझी फळी दुरुस्त झाली, नवं लाल आवरण आलं. ते ट्रिफेनाने शिवलं नव्हतं, तिने नकार दिला होता. आणि माझ्या कड्यांना एक पांढराशुभ्र दोर बांधला गेला. मी काय करणार? मी वर ओढला गेलो.

मग जहाजांना चांगले जिने आले. माझी गरज संपली आणि मला गोदामात टाकलं. माझ्यात खिळे टाकले, रंगाचे डबे ठेवले, एका मांजरीने पिल्लं घातली. वर्षातून एकदा, त्याच तारखेला, ट्रिफेना यायची. माझ्या दुरुस्त केलेल्या फळीवर हात ठेवून थोडा वेळ उभी राहायची. माझ्याशी कधी बोलली नाही. हळूहळू तिचे केस पांढरे झाले. एक वर्ष ती आली नाही, आणि मग कधीच आली नाही. मला तिला सांगायचं होतं, की मला आधी ऐकू आलं होतं. नाही सांगू शकलो ते बरंच झालं, असं कधी कधी वाटतं.

त्यानंतर कितीतरी पहिले लॉर्ड आले आणि गेले. अखेरीस ते पदही राहिलं नाही. तिन्ही दलांचा कारभार एकाच मंत्र्याकडे गेला, आणि मला एका लहानशा संग्रहालयाने उचलून आणलं. माझ्यावर दरवर्षी तेल चोळतात. माझ्याखाली पितळी पाटी आहे: 'आरमारप्रमुखांचे आसन'. त्या पाटीवर जेबेझचं नाव नाही. त्याचं दुःख मी आता करत नाही.

मला सांगायचं आहे ते वेगळंच. मी खऱ्यासारखा दिसावा म्हणून या लोकांनी मला छताला दोराने टांगलं आहे. दोर वरून झकास आहे. गेल्या बारा वर्षांत तो कुणीही उकलून पाहिलेला नाही. आणि मघापासून माझ्या कडीत कोरडा पाव मोडल्यासारखं काहीतरी होतंय.

मी करकरतो आहे, मित्रांनो. कृपा करून दोन पावलं मागे सरका, तुमच्या धाकट्या बहिणीलाही हाताला धरून मागे घ्या, आणि मग जा, दारावरच्या त्या काकांना सांगा. त्यांनी ऐकलं नाही, तर पुन्हा सांगा.