आश्रुबा मिस्त्रीची गाडी

गाडी आमच्या दारात आली ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, कडब्यावर आडवी टाकून. १९७४ सालचा पोळा नुकताच झाला होता. ट्रॉली थांबल्याबरोबर गाडीचा एक दरवाजा आपोआप निखळून खाली पडला आणि मायनं सकाळीच सारवलेल्या अंगणात लाल भुगा पसरला.

"हे काय म्हणायचं?" मायनं विचारलं.

"मोटार हाय," अण्णा म्हणाले.

"मोटार व्हती म्हणा."

माझे वडील आश्रुबा, म्हणजेच अण्णा, पूर्णेच्या लोको शेडमध्ये बॉयलरच्या आणि पत्र्याच्या कामावर होते. रुळांपलीकडच्या वस्तीत आमचं दोन खोल्यांचं घर होतं. घरात अण्णा, माय आणि मी, तिघंच. मी औरंगाबादला बी.एस्सी. केलं होतं, बी.एड.ची परीक्षा तोंडावर होती.

गाडी आमच्या मूळ गावच्या आप्पारावांची होती. ताडकळसच्या रस्त्याला ते गाव. आप्पारावांकडं दीडशे एकर जमीन होती, बंद पडलेली कापसाची जिनिंग होती आणि गावातल्या हायस्कूलच्या संस्थेचे ते अध्यक्ष होते. त्यांच्या वडिलांनी निजामाच्या शेवटच्या दिवसांत हैदराबादेतल्या एका इंग्रज साहेबाकडून ही दोन माणसांची उघडी गाडी घेतली. शर्यतीत पळवायची जात, लांब नाक, तारांची चाकं. गावात आली त्या पावसाळ्यात ती काळ्या रानात रुतली. ओढून काढायला गावकुसाबाहेरच्या आमच्या वाड्यावरची माणसं बोलावली. गाडीला आमच्या माणसांचा हात लागू नये म्हणून लांब दोर बांधून दिले होते. अण्णा तेव्हा वीस वर्षांचे, तेही त्या दोराला होते. पुढं पोलीस ॲक्शनच्या गडबडीत गाडी जिनिंगच्या शेडात कापसाच्या गठड्यांमागं दडवली. ती तिथंच राहिली. वरचा पत्रा फुटला, पंचवीस पावसाळे तिच्यावर गळत राहिले.

आप्पाराव गाडी येण्याच्या आदल्या आठवड्यात स्वतः घरी आले होते. मायनं बाज टाकली, त्यावर बसले. चहा पुढं केला तर "आत्ताच झाला" म्हणाले.

"आश्रुबा, परभणीचे मिस्त्री म्हणतात, भंगारात द्या. पर वडिलांची आठवण हाय. तू इंजनाचे बॉयलर सांधतोस, तुला हे काय अवघड?"

"बघावं लागंल, मालक."

"सामान काय लागंल ते मी पुरवतो. आन् मजुरीचं मी बोलतच न्हाई, तुझी पोरगी काय शिकायलीय?"

अण्णांनी सांगितलं.

"गणिताची जागा निघायलीय आमच्या हायस्कूलला, दीड-दोन वर्षांत. गाडी उभी करून दे. पोरीचं माझ्याकडं लागलं."

मी आतून ऐकत होते. आप्पाराव गेल्यावर मी म्हणाले, "अण्णा, मी अर्ज करून नोकरी मिळवीन. ह्याच्यासाठी कशाला?"

"अर्ज करणारे काय कमी हायेत का?" अण्णा म्हणाले. "शब्द देणारा एखादाच असतो."

घराच्या बाजूला त्यांनी चार खांब रोवून पत्र्याचं छप्पर केलं आणि गाडी त्याखाली लावली. शेडमधली पहिली पाळी करून दुपारी घरी आले की भाकरी खायची आणि गाडीपाशी बसायचं. रविवारी तर सकाळपासूनच. आधी दोन महिने त्यांनी काही जोडलंच नाही, फक्त सोडवलं. नट गंजून एकजीव झाले होते. त्यांवर रॉकेल टाकायचं, दोन दिवस थांबायचं, मग पाना लावायचा. तळाच्या पत्र्याचा हातात भुगा होत होता. पत्र्याच्या आतला लाकडी सांगाडा वाळवीनं पोखरला होता, सीटच्या स्प्रिंगांत उंदरांची घरं होती.

अण्णांनी जुन्या सागवानी चौकटी आणून सांगाडा नव्यानं कोरला. मडगार्डचे पत्रे वाळू भरलेल्या पिशवीवर ठोकून ठोकून गोल केले. पत्रा पलीकडून धरायला माणूस लागायचा, ते काम माझ्याकडं आलं. परीक्षा झाल्यावर मी रोजच त्यांच्याबरोबर असे. वायर ब्रशनं गंज खरवडणं, पॉलिश पेपर मारणं, पुन्हा गंज धरू नये म्हणून रेड ऑक्साईडचा हात देणं हे सगळं मी शिकले. खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं. वाकडा पत्रा अण्णांच्या हातोडीखाली हळूहळू सरळ वळणावर येताना बघणं हे एखादं गणित सुटताना बघण्यासारखं होतं.

एकदा डॅशबोर्डच्या मागं, जिथं पाणी पोचलं नव्हतं, तिथं बोटाएवढा मूळ रंग सापडला. गर्द हिरवा. अण्णा तो बराच वेळ बघत राहिले. मग तेवढा तुकडा कापडात गुंडाळून ते रेल्वेनं नांदेडला गेले आणि रंग जुळवूनच परत आले.

"मालकाला लाल पायजे व्हता ना?" मायनं विचारलं.

"तिचा रंग हिरवा हाय," अण्णा म्हणाले. जणू गाडीनंच त्यांना सांगितलं होतं.

इंजिनाचे पिस्टन जाम होते. त्यांत तेल ओतून अण्णांनी महिनाभर वाट पाहिली. बेअरिंग झिजली होती, ती व्हाइट मेटल हा मऊ धातू वितळवून त्यांनी स्वतः ओतली आणि हातानं खरवडून बसवली. असं काम रेल्वेतल्या माणसांना येत होतं, मोटारवाल्या मिस्त्र्यांना येत नव्हतं. वस्तीतले लोक बघायला यायचे. पत्ता सांगतानासुद्धा "आश्रुबा मिस्त्रीच्या गाडीपासून तिसरं घर" असं म्हणायला लागले. अण्णा ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे, पण त्या दिवशी जेवताना दोन शब्द जास्त बोलायचे.

१९७६ च्या फेब्रुवारीत एका रविवारी सकाळी गाडी सुरू झाली. आधी दोनदा खोकली, मग आवाज लागला. माय चूल सोडून बाहेर आली. अण्णांनी इंजिन बंद केलं, पुन्हा सुरू केलं, पुन्हा बंद केलं. मग मला म्हणाले, "बस."

आम्ही दोघं नदीच्या रस्त्यानं गेलो. गाडी इतकी खाली होती की रस्ता मांडीखालून पळतोय असं वाटायचं. वाऱ्यानं माझा पदर उडत होता. अण्णांचे दोन्ही हात स्टिअरिंगच्या चाकावर होते आणि त्यांच्या नखांत अजून काळं होतं. अंगणात गाडी लावल्यावर एवढंच म्हणाले, "जमलं."

चार दिवसांनी आप्पाराव ड्रायव्हर घेऊन आले. गाडीभोवती दोनदा फिरले, बॉनेटवर हात फिरवला.

"लाल सांगितलं व्हतं मी. असू दे, हेबी शोभतंय." मग जाता जाता म्हणाले, "जूनमध्ये मुलाखती हायेत. पोरीला पाठवून दे."

मुलाखतीच्या दिवशी मी सकाळच्या एस.टी.नं गेले. अण्णांनी आदल्या दिवशी शेडमध्ये रजा टाकली होती, पण मीच त्यांना येऊ दिलं नाही. हायस्कूलच्या व्हरांड्यात आम्ही पाच उमेदवार बसलो होतो. हिरवी गाडी पटांगणात उभी होती. तिच्यापाशी आप्पाराव नांदेडहून आलेल्या एका पाहुण्यांशी बोलत होते. पाहुण्यांनी विचारलं, "असं काम इकडं कुणी केलं हो?"

"इकडं कोण करणार?" आप्पाराव हसले. "सिकंदराबादला पाठवली व्हती. एक म्हातारा पारशी हाय, विलायतेत शिकलेला. दोन वर्षं ठेवून घेतली त्यानं."

ते माझ्यापासून दहा पावलांवर होते. मी उठले. फाइल हातातच होती.

"पाहुणे, ही गाडी पूर्णेला दुरुस्त झाली," मी म्हणाले. "माझ्या वडिलांनी केली. आश्रुबा मिस्त्रींनी. ह्या मडगार्डला मी स्वतः रेड ऑक्साईड मारलाय."

पाहुण्यांनी माझ्याकडं बघितलं, मग आप्पारावांकडं. आप्पारावांचं हसू तसंच होतं.

"हां, हां. किरकोळ ठोकठाक ह्यांच्याकडं केली व्हती," ते म्हणाले. "चला, उन्हात कशाला थांबायचं?"

मुलाखतीत मला गणिताचा एकही प्रश्न विचारला नाही. कुठं राहता, लग्न झालं का, रोज जाणं-येणं जमेल का, एवढंच. "टपालानं कळवू," म्हणाले. टपाल आलंच नाही. जागा आप्पारावांच्या मेव्हण्याच्या सुनेला मिळाली.

मुलाखत देऊन घरी आले त्या दिवशीच मी सगळं जसंच्या तसं सांगितलं होतं. अण्णा पायरीवर बसून ऐकत होते. मला वाटलं, ते चिडतील. आप्पारावांवर.

"तू मधी कामून बोललीस?" ते म्हणाले.

"खोटं बोलत होते ते, अण्णा."

"बोलू द्यायचं. चार शब्द ते खोटे बोलले तर आपलं काय नुकसान व्हतं? दोन वर्षं मी मान खाली घालून काम केलं, तुला दोन मिनिटं गप बसवलं न्हाई?"

माय मध्ये पडली. "पोरीनं तुमचंच नाव घेतलं ना?"

"मी म्हणलो व्हतो का, माझं नाव घे म्हणून?"

पंधरा दिवसांनी त्या हायस्कूलचा लिपिक पूर्णेच्या स्टेशनवर भेटला. ओळखीचा होता. त्यानं सांगितलं, सुनेची ऑर्डर मुलाखतीच्या आठ दिवस आधीच टाइप करून ठेवली होती, बाकीच्यांना नुसतं कागदासाठी बोलावलं. मी धावतच घरी आले आणि अण्णांना सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि मान हलवली.

"टाइप केलेलं फाडताबी येतं," ते म्हणाले. "तू बोलली नसतीस तर फाडलं असतं."

त्यांना ते तसंच मानायचं होतं. आप्पारावांनी आपल्याला सुरुवातीपासून फसवलं हे मान्य करण्यापेक्षा पोरगी चुकली हे मान्य करणं त्यांना सोपं होतं. हे मला आज कळतं. तेव्हा नुसतं लागलं.

श्रावणात ट्रॅक्टरचा ड्रायव्हर निरोप घेऊन आला. गाडी पावसात बंद पडलीय, मालकानं बोलावलंय. अण्णा पाळी करून नुकतेच आले होते. त्यांनी भाकरी तशीच ठेवली आणि पान्यांची पिशवी काढली.

मी दारात उभी राहिले. "जाऊ नका."

"दुसरा कुणी हात घालील. वाटोळं करील इंजनाचं. त्याची बेअरिंग मी वतलीत."

"त्यांनी तुमचं नावसुद्धा घेतलं नाही."

"नाव घेतलं न्हाई म्हणून काम माझं न्हाई का?"

"आन् मी?" मी विचारलं. "माझं काय, अण्णा?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग पिशवी खांद्याला अडकवून ते माझ्या बाजूनं निघून गेले. त्यानंतर महिन्यातून एकदा तरी ते जायला लागले. कधी कार्बोरेटर, कधी ब्रेक. जिनिंगच्या शेडात गाडीखाली पडून काम करायचे आणि शेवटच्या एस.टी.नं परत यायचे. तिथं त्यांना चहा मिळायचा, बाहेरच्या दगडावर ठेवलेल्या कपात. हे मायनं मला सांगितलं, त्यांनी नाही.

मी जिल्हा परिषदेत अर्ज केला होता. परीक्षा दिली, यादीत नाव आलं. १९७७ च्या जूनमध्ये बोरीच्या शाळेचा नेमणुकीचा कागद आला. जिंतूर तालुका, घरापासून लांब, प्राथमिकचे वर्ग, पण माझा. मी पेढे आणले. माय रडली. अण्णा घरी येईपर्यंत तिनं पेढ्याला हात लावला नाही.

अण्णा हातपाय धुऊन बसले. मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उजेडाकडं धरून सावकाश वाचला, खालची सही वाचली, शिक्का बघितला. त्यांचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, आता सगळं मिटलं.

"आर्धे पेढे बाजूला काढ," ते मायला म्हणाले. "मालकाला देऊन येतो. त्यांनीच वर कुठंतरी शब्द टाकला असंल. एवढ्या लोकांत हिचंच नाव कसं निघंल?"

मी कागद त्यांच्या हातातून घेतला, घडी केली आणि ट्रंकेत ठेवला. अण्णांनी स्वतःच उठून कागदात अर्धे पेढे बांधले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मालकाच्या गावाकडं गेले आणि मी दुपारच्या रेल्वेनं परभणीला आणि तिथून एस.टी.नं बोरीला गेले. स्टेशनवर माय होती. ट्रंक वर चढवताना ती म्हणाली, "त्यांचं मनाला लावून घेऊ नको."

मी हो म्हणाले. बोरीत एका शेतकऱ्याच्या घरी खोली मिळाली, पहिलीची बेचाळीस पोरंपोरी मिळाली. दर दिवाळीला मी पूर्णेला जायचे. अण्णा मला शाळेबद्दल विचारायचे, फळा आहे का, पाणी कुठून आणता, आणि मी उत्तरं द्यायचे. तेवढं झालं की ते उठून गाडीच्या रिकाम्या छपराखाली जाऊन बसायचे आणि मी मायपाशी चुलीजवळ.