उंबऱ्याखालचा पाईप

शुक्रवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी चन्नम्माच्या स्वयंपाकघरातलं सिंक मागच्या भिंतीपासून सुटं झालं. प्लंबर पिराजीनं ते उचलून मधल्या भिंतीला टेकवलं.

मंगळवार पेठेतलं हे घर दोन भावांत वाटलेलं. चन्नम्माचा नवरा दोन वर्षांपूर्वी गेला. रस्त्याकडच्या दोन खोल्या तिच्या. बाकीचं घर आणि मागचं परसू धाकट्या दिराचं, मल्लिकार्जुनचं. तिच्या सिंकचं पाणी पहिल्यापासून परसातून जायचं. नऊ दिवसांपूर्वी मल्लिकार्जुननं त्या पाईपाच्या तोंडात सिमेंट कोंबलं आणि वर मायेनं सांगितलं, "वैनी, एकटीनं कशाला हाल करून घेता? खोल्या मला द्या आन् हातकणंगल्याला सौंदर्याकडं जावा. लेकच हाय की तुमची."

"लेकीकडं मी पावणी म्हणून जातो. ऱ्हायला माझं घर हाय," चन्नम्मा म्हणाली. त्या दिवसापासून ती खरकटं पाणी बादलीनं पुढच्या गटारीत ओतत होती.

पिराजीनं पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी खोलीच्या दोन टोकांना धरून ढाळ पाहिला. "सिंक मधल्या भिंतीला आणलं की ढाळ मिळतोय, आक्का. पर पाईप पुढच्या दाराच्या उंबऱ्याखालनंच काढाय लागंल. दुसरी वाट न्हाय."

छिन्नी लावून तो थांबला. त्या उंबऱ्यावर सकाळचं हळदकुंकू अजून ओलं होतं.

तेवढ्यात मल्लिकार्जुन दारात आला. "उंबऱ्याखालनं खरकटं पाणी? लक्ष्मी धुऊन जाईल घरातली!"

"लक्ष्मीनं नऊ दिवस बादल्या उचलल्यात, भावजी. तिला इचारूनच काम काढलंय."

"दादा असता तर—"

"तुमचा दादा असता तर सिमेंटला हात लावायची तुमची छाती झाली नसती. ह्या उंबऱ्यावरचं माप लवंडून मी आत आलोय, तुम्ही न्हवं. पिराजी, मार घाव!"

समोरच्या गॅलरीतून शालूबाई ओरडली, "आरं, बायकोला भितोस तेवढं उंबऱ्याला भिऊ नगंस!"

पिराजीनं घाव घातला.

दुपारी तीनपर्यंत पाईप उंबऱ्याखालून पायरीबाहेर आला. चन्नम्मानं सिंकमध्ये तांब्याभर पाणी ओतलं. ते बाहेर लावलेल्या घमेल्यात खळखळत पडलं. आता पायरी ते गटार एवढा तीन फुटांचा चर राहिला होता. पिराजी चहा पिऊन परतला, तर नेमक्या त्या तीन फुटांवर मल्लिकार्जुनच्या मोटारीचं पुढचं चाक उभं.

"गल्ली समद्यांची हाय," मल्लिकार्जुन म्हणाला. "गाडी कुठं लावायची ते मी बघीन."

"व्हय की. गल्ली समद्यांची, म्हणूनच खणतोय." चन्नम्मा पिराजीकडं वळली. "दोन्हीकडनं घे."

"आक्का, चाक खचंल."

"खचू दे. चावी त्यांच्याकडं हाय, गाडी त्यांची हाय. चर माझा."

पिराजी पायरीकडून खणत गेला, मग गटारीकडून. गल्लीतली माणसं गोळा झाली. कुणी मल्लिकार्जुनला गाडी काढायला सांगितलं, कुणी चन्नम्माला सबुरीनं घ्यायला. दोघांनीही ऐकलं नाही. चन्नम्मा पदर खोचून पायरीवर उभी होती, पाईपाचा शेवटचा तुकडा हातात धरून.

संध्याकाळी पावणेसहाला चाकाखाली वीतभर माती उरली होती. मल्लिकार्जुनच्या मुठीत चावी होती आणि पिराजीची पहार वर उचललेली होती.