समोरच्या दारातलं दूध

समोरच्या कुलूपवाल्या आजोबांशी माझा सतरा दिवस अबोला होता. तेव्हा मी मोजले नव्हते, नंतर मोजले.

भांडण माझ्यामुळेच झालं. आमच्या गल्लीतला दवाखाना आणि दूधवाले यांनी मिळून एक काम हाती घेतलं होतं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या दाराला कालचं दूध तसंच दिसलं, की दूधवाल्याने दवाखान्यात फोन करायचा आणि सिस्टरने येऊन बघायचं. एकटेपणा हासुद्धा आजारच आहे, असं सिस्टर म्हणायच्या. मला ते इतकं पटलं, की मी हात धुऊन आजोबांच्या मागे लागले. नाव द्या, नाव द्या.

"मी काय शाळेतलं पोर आहे, रोज हजेरी घ्यायला?" ते कडाडले.

"मग पडा एकटेच!" मी म्हणाले. माझ्या जिभेला हाड नाही, हे सगळ्या जिन्याला माहीत आहे. दोन्ही दारं एकदमच आपटली.

त्या सोमवारी दुपारपर्यंत त्यांचं दूध दाराला टांगलेल्या पिशवीत तसंच होतं. म्हातारा रुसून बहिणीकडे गेला असणार, असं मी धरून चालले. एरवी सांगून जायचे, पण आता कोणत्या तोंडाने सांगणार? दूध नासेल म्हणून मी ते माझ्या फ्रीजमध्ये ठेवलं. खरं सांगते, मला बरंच वाटलं. आल्यावर नेऊन द्यायचं, त्या निमित्ताने बोलणं सुरू होईल, माफीबिफी मागायला नको. मंगळवारचंही उचललं. दोन्ही दिवस शिवणाचं काम खूप होतं, आणि मशीन चालू असलं की मला दुसरं काही ऐकू येत नाही.

बुधवारी सकाळी दूधवाला जिन्यात भेटला.

"आजोबा झकास आहेत ना, ताई? पिशवी रोज रिकामी असते. दवाखान्यात एकदाही फोन करावा लागला नाही."

"त्यांच्यासाठी कसला फोन? त्यांनी नाव कुठे दिलंय?"

"दिलंय की! तुमचं वाजलं ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी. स्वतः चालत गेले होते. तुम्हाला बोलले नाहीत?"

मी चावी आणायला घरात धावले. त्यांच्या घराची चावी माझ्याकडेच असायची, त्यांनीच कानस मारून बनवलेली. ती मला कुलपात घालता येईना. शेवटी दूधवाल्याने घातली. दार थोडंसंच उघडलं, कारण आजोबा दाराला लागूनच पडले होते. हातात एक चप्पल होती. दाराच्या आतल्या बाजूला, अगदी खाली, तिचे ठसे उमटले होते. एकावर एक, कितीतरी.

खुब्याचं हाड मोडलं होतं. जीव मंगळवारी संध्याकाळी गेला, असं डॉक्टर म्हणाले. सोमवारचं दूध मी तिथेच राहू दिलं असतं, तर मंगळवारी सकाळी सिस्टर आल्या असत्या.

सिस्टरनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. द्यायला हवा होता. त्यांनी फक्त आजोबांचा फॉर्म माझ्यापुढे ठेवला. काही झालं तर कुणाला कळवायचं, या रकान्यात बहिणीचं नाव नव्हतं. आजोबांनी तिरक्या अक्षरात लिहिलं होतं: समोरची. तोंडाने फटकळ आहे, पण धावत येईल.