पेटी सतरा, फोल्डर त्रेचाळीस

सुवर्णाने अख्खा उन्हाळा राबून कचेरीची रेकॉर्ड रूम लख्ख केली होती, आणि आता त्याच खोलीत तिला एक फोल्डर सापडत नव्हता. धुळ्याहून सिल्वासाला आलेली कंत्राटी पोर ती. पोर्तुगीज काळातले अकराशे फोल्डर तिच्या ताब्यात दिले, आणि बाईसाहेबांनी काय करावं? ओल्या फडक्याने फोल्डरांवरच्या जुन्या नंबरांच्या चिठ्ठ्या खरवडून काढल्या! खोक्यांची झाकणं नीट बसावीत म्हणून मोठे फोल्डर मोठ्यांत, छोटे छोट्यांत लावले आणि एकपासून नवे छापील नंबर चिकटवले. कुठल्या जुन्या नंबरचा कुठला नवा झाला, त्याची यादी? छे, नाव नको! तेव्हा कचेरीचे मुख्य, प्रकाशसाहेब, यांनी कौतुकाने सगळ्यांना पेढे वाटले होते.

आणि परवा राखोली गावची म्हातारी भिमाबाई आली. हातात सासऱ्याच्या वेळची चिठ्ठी: पेटी सतरा, फोल्डर त्रेचाळीस. त्यात तिच्या जमिनीचा कागद. शुक्रवारी सुनावणी होती, आणि कागद नसेल तर जमीन हातची जाणार होती.

सुवर्णाने दोन दिवस खोकी उपसली. आतलं सगळं पोर्तुगीज, कचेरीत कुणाला वाचता येईल तर शपथ.

"कशाला जीव काढतेस?" प्रकाशसाहेब म्हणाले. "फोल्डर उपलब्ध नाही, असा दाखला लिही आणि मोकळी हो. तुझं कंत्राट वाढवायचंय मला."

तिने पेन उचललं. समोर बसलेली भिमाबाई म्हणाली, "सासऱ्यानंच आकडा चुकीचा लिवला असंल, बाय. तुझा काय दोस? माझ्यापायी दोन दिस धूळ खाल्लीस."

मेल्याहून मेल्यासारखं झालं सुवर्णाला. तिने लिहिलं: फोल्डर याच खोलीत आहे. जुने नंबर मी काढून टाकले, म्हणून सापडत नाही. शोधायला मुदत मिळावी. खाली सही केली.

साहेबांनी वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "नोकरी गेली समज तुझी."

"जाऊ द्या," ती म्हणाली, आणि दाखला भिमाबाईला मोठ्याने वाचून दाखवला.

म्हातारी खुर्चीतून उठली. "म्हंजे तू काढलास नंबर?"

"हो, आजी. मीच."

भिमाबाईने दाखल्याची घडी करून कमरेला खोचली. ना आशीर्वाद, ना शिव्या. दारापर्यंत जाऊन ती वळली.

"शुक्रवारी जमीन गेली," ती म्हणाली, "तर आधी तुला येऊन सांगंन."