आत ओढलेला होकार

सिक्स्टन ब्रेनस्ट्रॉमने गाडीवर जेवढं प्रेम केलं तेवढं बायकोवर केलं असतं, तर ती सोडून गेली नसती, असं त्याचा मित्र हेल्मर चारचौघांत म्हणायचा. सिक्स्टनला राग यायचा नाही. एक तर ते खरं होतं, आणि दुसरं म्हणजे बायको जाऊन वीस वर्षं झाली तरी गाडी अजून होती. गडद हिरवी व्होल्व्हो ॲमेझॉन, १९६६ ची. तिच्या सीटचं कापड, घड्याळ, राखदाणी, एवढंच काय, आतला वाससुद्धा कारखान्यातून निघाला तसाच होता. निदान सिक्स्टन तसं शपथेवर सांगायचा.

या सुखात मिठाचा खडा पडला तो मायव्होरमुळे. मायव्होर देशाच्या पार दक्षिण टोकाला, इस्टाडला राहायची. दोन उन्हाळ्यांपूर्वी ती बहिणीकडे इकडे उत्तरेत, उमेओला आली होती, तेव्हा नाचाच्या मांडवात दोघांची गाठ पडली. तेव्हापासून दक्षिणेतून उत्तरेत रोज फोन. आणि बाईसाहेबांचा फोन नेमका यायचा तो सिक्स्टन गाडी चालवत असताना, कारण सिक्स्टन बहुतेक वेळ गाडीच चालवत असायचा. फोन हातात धरून गाडी हाकायला कायद्याची बंदी. मग तो दिसेल त्या बसथांब्यावर गाडी घालायचा, आणि मागून बसवाले असा काही भोंगा वाजवायचे की इस्टाडला मायव्होर कानावरचा फोन लांब धरायची.

"हँड्सफ्री बसवून घे ना, म्हाताऱ्या," ती म्हणायची. "सगळं जग बसवतं."

सगळं जग बसवत असेल. पण सगळ्या जगाच्या मानगुटीवर आस्सार विकस्ट्रॉम बसलेला नव्हता.

आस्सार हा सिक्स्टनच्या गावच्या, वेनेसच्या, जुन्या गाड्यांच्या मंडळाचा अध्यक्ष. हयातभर त्याने लायसन्सच्या परीक्षा घेतल्या आणि अर्धा तालुका नापास केला. निवृत्त झाल्यावर माणसं नापास करायची सोय राहिली नाही, म्हणून तो गाड्या नापास करायला लागला. दर मे महिन्यात मंडळाचा मेळावा भरायचा. त्यात अस्सल मूळ अवस्थेतल्या एका गाडीला पितळेची पट्टी मिळायची. पांढरे हातमोजे आणि छोटी विजेरी घेऊन आस्सार गाडीत शिरला, की मालकाच्या तोंडचं पाणी पळायचं. सिक्स्टनला ती पट्टी किती वर्षं हवी होती हे विचारू नका. एकदा वायपरच्या एका स्क्रूवरून गेली. एकदा टायरच्या झाकणीवरून. गेल्या वर्षी तर मागच्या काचेत बसवलेल्या लाकडी हरणावरून गेली. ते हरीण सिक्स्टनच्या आईने तिथे ठेवलेलं होतं.

"म्हणजे माईक असा बसवायचा की आस्सारच्या बापालाही दिसणार नाही," सिक्स्टन म्हणाला.

"माझ्यावर सोड," हेल्मर म्हणाला. हेल्मर टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला. तारा आणि आवाज या विषयांत तो स्वतःला देवाचा मेहुणा समजायचा.

आख्खा शनिवार दोघं त्या गाडीत घुसून होते. फोनशी बोलणारी डबी गेली सामानाच्या कप्प्यामागे, जिथे हात घालायचा तर मनगटाचं सालटं निघतं. आवाज यायचा तो डॅशबोर्डच्या मधल्या जाळीतून, जिथून पूर्वी रेडिओ खरखरायचा. प्रश्न माईकचा. तो तोंडाजवळ हवा, आणि दिसता कामा नये. हेल्मरने उन्हापासून आडोसा करणारी फळी सुचवली. सिक्स्टन म्हणाला, आस्सार ती हमखास खाली ओढून बघतो. काचेच्या कडेचा खांब सुचवला. आस्सार त्यावर बोट फिरवतो. शेवटी ठरलं, आरशाचा दांडा जिथे छताला भिडतो, तिथे छताच्या कापडाच्या आड. कापडाला भोक पाडायचं नाही. शिवण दोन टाके उसवायची आणि माईक बसला की परत शिवायची. दाराचं रबर सोलून, गिटारच्या तारेला वायर बांधून हेल्मरने ती खांबातून वर ओढली. ओढताना त्याने ज्या शिव्या दिल्या त्या मात्र कारखान्यातल्या नव्हत्या. मग सिक्स्टनने चष्म्यावर चष्मा चढवून दोन टाके घातले. मसुराच्या दाण्याएवढा माईक कापडाआड गडप झाला, आणि कुठे आहे हे दोघांनाही सांगता येईना.

"बटण कुठे बसवू?" हेल्मरने विचारलं.

"बटण दिसेल."

"मग फोन उचलणार कसा?"

सिक्स्टनने डॅशबोर्डवरून बोट फिरवलं आणि कुठेच टेकवलं नाही.

"बरं, आपोआप उचलेल असं करून ठेवतो," हेल्मर म्हणाला. "एक घंटी वाजली की बाई हजर. आणि ऐक, या डब्यात वारा किती घोंघावतो! वारा गाळायची सोय आहे याच्यात. ती मी पार शेवटच्या टोकाला नेतो. वादळ आत शिरलं तरी तिला ऐकू जाईल तो फक्त माणसाचा आवाज."

मग हेल्मर फोन घेऊन लाकडाच्या शेडमागे गेला. सिक्स्टनने इंजिन चालू करून एक ते वीस आकडे म्हटले. हेल्मर छाती फुगवून परत आला. "जसा काही कानाशी बसून बोलतोयस!"

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. उत्तरेतल्या त्या भागातले लोक मुळात कमी बोलतात, आणि 'हो' तर बोलतच नाहीत. ते 'हो' आत ओढतात. ओठांचा चंबू करायचा आणि पटकन श्वास घ्यायचा: श्शुप्. बशीतून गरम कॉफी ओढावी तसा आवाज. संपला होकार. दुकानात श्शुप्, चर्चमध्ये श्शुप्, आणि सिक्स्टनच्या पहिल्या लग्नात पाद्रीबुवांनी विचारलं तेव्हाही श्शुप्. दक्षिणेकडच्यांना हे झेपत नाही. नाचाच्या मांडवात मायव्होरने त्याला पहिल्यांदा विचारलं होतं, "तुम्ही इथे नेहमी येता का?" त्यावर सिक्स्टनने श्शुप् केलं. तिला वाटलं, याच्या घशात काहीतरी अडकलं. तिने त्याच्या पाठीत असा गुद्दा घातला की त्याचा दात हलला. पुढे तिला त्याची सवय झाली. "माझा व्हॅक्यूम क्लीनर" म्हणायची. फोनवरही तो आवाज ओळखायची.

माईक बसल्यावर पुढच्याच मंगळवारी, नदीकाठच्या रस्त्याने जाताना घंटी वाजली आणि डॅशबोर्डमधून मायव्होर बोलायला लागली.

"सिक्स्टन, नीट ऐक. मध्ये बोलू नकोस. म्हणजे तू बोलतच नाहीस, तरी सांगते. फ्लॅटला गिऱ्हाईक आलंय. येत्या शनिवारी हो की नाही ते सांगायचंय त्यांना. मला आता या वयात ये-जा होत नाही. विकते, आणि तुझ्याकडे येते. कायमची. पण तुला खरोखर हवी असेन तरच. येऊ का?"

वीस वर्षं तो एकटा जेवला होता, आणि आता कोणीतरी विचारत होतं. त्याला इतका आनंद झाला की वळायचा फाटा मागे राहिला.

"श्शुप्," तो म्हणाला.

"सिक्स्टन?"

"श्शूऽऽप्!" त्याने फुप्फुसं भरून ओढलं. एवढा मोठा होकार त्याने जन्मात दिला नव्हता.

मग मायव्होर म्हणाली, "बरं. कळलं मला." फोन ठेवला गेला.

बिचारीला हर्षाने बोलवेना, असं सिक्स्टनला वाटलं. घरी जाऊन त्याने कपाटाचा अर्धा भाग रिकामा केला. तिथे ठेवलेला जादा कार्बोरेटर तळघरात नेला. न्हाणीघरातल्या टबातून गिअरबॉक्स बाहेर काढला आणि टब घासला. खिडकीला पडदा लावला, चक्क फुलांचा. मायव्होरचा फोन येईना, पण त्यात त्याला वावगं वाटलं नाही. तिने विचारलं, आपण उत्तर दिलं. आता उगाच पाल्हाळ कशाला?

गुरुवारी तो गाडीत असताना हेल्मरचा फोन आला. "शनिवारी मेळाव्याला कॉफीचा थर्मास तू आणतोयस ना?"

"श्शुप्."

"अरे, आणतोयस का?"

"श्शुप्!"

"सिक्स्टन! मेलास का? थर्मास!"

सिक्स्टनने करकचून ब्रेक लावला. "हेल्मर," तो म्हणाला, "मी आत्ता हो म्हटलं. दोनदा."

"मला ढिम्म ऐकू आलं नाही," हेल्मर म्हणाला, आणि मग त्याचीही ट्यूब पेटली. "अरे देवा. वारा! तुझं हो म्हणजे वाराच की! गाळला त्याने!"

"गधड्या," सिक्स्टन म्हणाला, "तू माझं लग्न गाळलंस."

त्याने तिथल्या तिथे मायव्होरला फोन लावला. उचलला नाही. घरून लावला, उचलला नाही. फोनवर मजकूर लिहायला त्याची बोटं जाडी आणि अक्कल अपुरी. शेवटी तिच्या यंत्राने निरोप ठेवा म्हणून सांगितलं, तेव्हा सिक्स्टन घसा खाकरून म्हणाला, "सिक्स्टन बोलतोय. माईकचा दोष आहे." आणि ठेवून दिला. हेल्मरने कपाळाला हात लावला. ज्या बाईने आयुष्य पणाला लावून प्रश्न विचारला, तिला दोन दिवसांनी उत्तर काय, तर माईकचा दोष!

शनिवार उजाडला. मैदानाच्या कडेला उरल्यासुरल्या बर्फाचे काळपट ढीग, मधोमध चकचकीत गाड्यांच्या रांगा, सॉसेजचा धूर आणि वर्षातले पहिले डास. सिक्स्टनला पट्टीचं काही पडलं नव्हतं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण पडलं होतं. मायव्होर तर गेली, आता निदान पट्टी तरी मिळावी, असा त्याचा हिशेब होता. त्या हिशेबाची त्याची त्यालाच शरम वाटत होती.

आस्सार हातमोजे चढवून चालकाच्या जागी बसला. शेजारी सिक्स्टन. उघड्या खिडकीत हेल्मरचं तोंड. विजेरी फिरली. आडोशाची फळी खाली ओढून झाली, खांबावर बोट फिरलं, सीटखाली डोकं घालून झालं. छतावर प्रकाश पडला, शिवणीवरून सरकला आणि पुढे गेला. हेल्मरचा जीव भांड्यात पडला.

"सगळं कारखान्यातलं?" आस्सारने विचारलं.

"श्शुप्," सिक्स्टन म्हणाला. खोटं बोलायलाही ही पद्धत बरी. तोंडातून काही बाहेर पडत नाही.

"इंजिन ऐकव."

आस्सारने किल्ली फिरवली. इंजिन गुरगुरलं, कप्प्यामागची डबी जागी झाली, आणि सिक्स्टनच्या खिशातल्या फोनशी तिची गाठ पडली. एक घंटी वाजली.

"माईकचा दोष?" १९६६ चा डॅशबोर्ड कडाडला. "माईकचा दोष म्हणतोस मला?"

आस्सारची विजेरी खाली पडली.

"मी गिऱ्हाइकाच्या दारात उभी आहे, सिक्स्टन. आत जाऊन नाही म्हणून सांगणार आहे. पण त्याआधी तुला चार शब्द सुनावल्याशिवाय मला चैन पडायची नाही. मी तो तुझा व्हॅक्यूम क्लीनर ऐकायला कान फोनला चिकटवून उभी होते. तेवढंसुद्धा झालं नाही रे तुझ्याने! नको असेन तर नको म्हण. आता शेवटचं विचारते. येऊ का?"

सिक्स्टनने आस्सारकडे बघितलं. पितळेची पट्टी आस्सारच्या कोटाच्या खिशातून डोकावत होती. सिक्स्टनने ओठांचा चंबू केला.

"श्शुप्."

"बघितलंस?" डॅशबोर्ड म्हणाला. "काही नाही. ठेवते."

"बाहेर!" हेल्मर खिडकीतून ओरडला. "हो बाहेर सोड, गाढवा! बाहेर!"

सिक्स्टनला आयुष्यात एवढी भीती कधी वाटली नव्हती. तो सीटवर गुडघे टेकून उभा राहिला, आस्सारच्या खांद्यावर कोपर रोवलं आणि आरशाच्या दांड्याशी, छताच्या कापडाला तोंड लावून बोंब मारली:

"हो!"

मैदानावरच्या माना वळल्या.

"हो! ये! मी तेव्हाच हो म्हटलं होतं, दोनदा! हा मेला माईक माझं हो गाळतो! कपाट रिकामं केलंय. अर्धं. कार्बोरेटर तळघरात नेलाय. पडदा लावलाय, फुलांचा. मला एकट्याला आता करमत नाही, मायव्होर. ये!"

त्याला धाप लागली. एवढं सलग तो गेल्या वर्षभरात मिळून बोलला नसेल. आस्सारने सावकाश विजेरी उचलली, सिक्स्टनचं तोंड टेकलं होतं तिथे प्रकाश टाकला, दोन टाके निरखले, आणि हातमोजा काढून पट्टी कोटाच्या आतल्या खिशात सारली. सिक्स्टनने ते पाहिलं. त्याला वाईट वाटलं, पण ते थोडंच.

डॅशबोर्डमधून नाक शिंकरल्याचा आवाज आला. "फुलांचा पडदा? तू?" मग जरा सावरून, "तुझ्या शेजारी कोण आहे?"

"आस्सार."

"तो पट्टीवाला? बरं झालं. अहो आस्सार, हा 'हो' म्हणाला ते तुम्ही आपल्या कानांनी ऐकलंत ना? मी आत जाऊन सही करतेय. उद्या हा फिरला तर साक्षीला याल ना?"

आस्सारने खिडकीतल्या हेल्मरकडे बघितलं, छताकडे बघितलं. वेनेसमध्ये जन्मला, वेनेसमध्ये वाढला. त्याने ओठांचा चंबू केला.

"श्शुप्."

गाडीत फक्त इंजिनाची गुरगुर.

"हॅलो?" मायव्होर म्हणाली. "हॅलो? सगळे मेलात का तिकडे?"

सिक्स्टनने आस्सारच्या खांद्यावर हात ठेवला.

"बाहेर, आस्सार," तो म्हणाला. "बाहेर सोड."