पट्टा सुटल्यावर

लग्न होऊन कुसुमलताला जळगावात येऊन तीन वर्षं झाली होती, आणि या तीन वर्षांत तिचा आवाज सासऱ्यांच्या कानावर एकदाही पडला नव्हता. ज्ञानचंदजींच्या घरची रीतच तशी. सासऱ्यांसमोर सुनेनं घुंघटात राहायचं आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. काही हवं-नको असलं तर ते सासूबाईंमार्फत. ताट वाढून झालं की बांगड्या वाजवायच्या, दाराशी कोणी आलं की चुटकी वाजवायची. ज्ञानचंदजी माणूस वाईट नव्हते. पण रीत म्हटली की त्यांच्यापुढे कोणाचं काही चालत नसे, त्यांचं स्वतःचंसुद्धा.

असल्या घरात कुत्रा आला तो कुसुमलताच्या नवऱ्याच्या हौसेपायी. भुसावळचा एक ओळखीचा इंजिन ड्रायव्हर कायमचा परदेशी निघाला होता, त्यानं जाताजाता अल्सेशियनचं पिल्लू जवरीलालच्या गळ्यात मारलं. पिल्लाचं नाव रेक्स. सासूबाई प्रेमकुंवर यांना ते नाव जमेना, म्हणून त्यांनी त्याचं रेखचंद करून टाकलं. पुढे जवरीलाल धुळ्याला घरची जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायची गिरणी, सांभाळायला गेला आणि कुत्रा कुसुमलताच्या पदरात पडला. रेक्स दूध-पोळीवर वाढला, वरणभातावर भरला. सूर्यास्तानंतर घरात कोणी खात नसे, म्हणून त्यालाही काही मिळत नसे. तरी वर्षभरात वासराएवढा झाला.

डोकं मात्र ठिकाणावर नव्हतं. पोस्टमन आला, उडी. हमालांनी पोतं टाकलं, उडी. तो कोणाला चावला नाही कधी. त्याला आपला आनंदच फार व्हायचा. पण एवढा आनंद छातीवर येऊन आदळला की माणूस आडवाच व्हायचा.

कार्तिकातल्या एका सकाळी दोन साध्वीजी गोचरीला आल्या. घरोघरून थोडं थोडं अन्न घ्यायचं, तेही कुठे कोणा जिवाला त्रास नसला तरच, असा त्यांचा नेम. कुसुमलता पोळ्या घेऊन बाहेर येते तोवर रेक्स मागच्या अंगणातून सुटला आणि थेट उंबऱ्यावर झेपावला. साध्वीजींच्या हातातलं लाकडी पात्र पडलं. त्या रागावल्या नाहीत. पात्र उचललं आणि काही न घेता मागे फिरल्या.

ज्ञानचंदजींनी हे लगतच्या पेढीवरून पाहिलं. दारातून साध्वीजी रिकाम्या परत जाणं त्यांच्या आयुष्यात कधी घडलं नव्हतं. त्या दिवशी घरात कोणाच्या घशाखाली घास उतरला नाही. संध्याकाळी त्यांनी निकाल दिला, की कुत्रा धुळ्याला जाईल आणि जिनिंगमध्ये सरकीच्या ढिगापाशी साखळीला राहील.

जिनिंगवरची कुत्री कुसुमलतानं पाहिली होती. रात्रंदिवस साखळीला, चोरांवर धावून जावं म्हणून मुद्दाम अर्धपोटी ठेवलेली. मागचा कुत्रा साखळीतच वेडापिसा झाला आणि शेवटी त्याला मारावं लागलं. नवरा धुळ्याला, पण वडिलांच्या शब्दापुढे त्याचंही चालत नसे; माहेर लांब, बोलायला बंदी. या घरात दिवसभर तिच्याशी बोलणारा नि तिचं ऐकणारा एवढा एकच जीव होता. पण हे सांगायचं कोणाला?

मध्ये पडला तो धाकटा दीर गौतमचंद. तो कॉलेजात होता आणि वडिलांची नाडी त्याला बरोबर सापडायची. भुसावळला रेल्वेतले साहेब लोक संक्रांतीनंतर कुत्र्यांचं प्रदर्शन भरवतात, असं त्यानं सांगितलं. तिथे कुत्र्याला मालकाच्या बाजूनं गोल पळावं लागतं, मग स्तब्ध उभं राहावं लागतं, आणि अनोळखी परीक्षक तोंडात हात घालून दात बघतो. रेक्स तिथे शहाण्यासारखा वागला तर?

ज्ञानचंदजींनी विचार केला. कापसाच्या धंद्यात त्यांचा जन्म गेला होता. घरच्यानं घरचा माल चांगला म्हणण्यात काय अर्थ, परक्यानं हात लावून पास केला तर मानेन, असं ते म्हणाले. पण तिथे जर तो कोणाच्या अंगावर गेला, तर तिसऱ्या दिवशी धुळे.

दुसऱ्या दिवसापासून कुसुमलता कामाला लागली. भिंतीपलीकडे पेढी, म्हणजे मोठ्यानं हुकूम देणं शक्यच नव्हतं. तेव्हा घरात तिची जी भाषा होती तीच तिनं कुत्र्याला शिकवली. एक चुटकी, नि कानाशी कुजबुजून 'बस', म्हणजे बैस. तळवा खाली म्हणजे हलू नकोस. मांडीवर थाप म्हणजे बाजूनं चल. गडबडीला बिचकू नये म्हणून गौतमचंद थाळ्या बडवी, पेढीवरचा हमाल चिंधा नवनवे फेटे बांधून येई आणि त्याचे दात बघे. शेवटी शेवटी प्रेमकुंवरही डोळे घट्ट मिटून त्याच्या तोंडात बोट घालू लागल्या. रेक्स थरथरायचा, शेपूट आवरायचा नाही, पण उभा राहायचा. कुसुमलताला वाटलं, आता काही शिकवायचं राहिलं नाही.

संक्रांतीनंतरच्या रविवारी सगळे सकाळच्या पॅसेंजरनं भुसावळला गेले. रेक्सला गार्डाच्या डब्यातल्या कुत्र्यांच्या पेटीत घातलं होतं. उतरवला तेव्हा तो आधीच अर्धा वेडा झालेला. मैदानावर दोरी बांधून मोठा चौक केला होता. आत-बाहेर कुत्रीच कुत्री, त्यांचे साहेब, मडमा, आया. ज्ञानचंदजी पुढच्या खुर्चीत पगडी सावरून बसले. सासू-सून मागे, घुंघट घेऊन.

चौकात रेक्सला नेणार होता गौतमचंद. घरची सून चार लोकांत कुत्रा पळवणार, हे कोणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. पण गौतमचंद आत शिरला आणि इतरांचं पाहून मोठमोठ्यानं ओरडू लागला. बैस, थांब, चल. रेक्सला आयुष्यात कोणी असं ओरडून काही म्हटलं नव्हतं. त्याला तो खेळ वाटला. त्यानं गौतमचंदभोवती तीन गिरक्या घेतल्या, साखळी त्याच्या पायांत गुंतवली आणि त्याला गवतात पाडलं. लोक हसले. ओढाताणीत कुत्र्याचा श्वास कोंडला म्हणून गौतमचंदनं उठून त्याचा पट्टा सैल केला. व्यवस्था बघणारा एक बाबू आला आणि म्हणाला, अजून एकदा असं झालं तर कुत्रा बाहेर.

कुसुमलताला घुंघटातून सासऱ्यांची पाठ दिसत होती. पाठ ताठ होत चालली होती. तेवढ्यात शेजारून प्रेमकुंवरचं कोपर तिच्या बरगडीत बसलं.

"जा," सासूबाई हळूच म्हणाल्या. "त्यांच्याकडे बघू नकोस. जा."

ती उठली. खुर्चीच्या बाजूनं, सासऱ्यांच्या नजरेसमोरून, दोरीखालून वाकून आत गेली. घुंघट तिनं दातांत धरला होता. गौतमचंदच्या हातातून साखळी घेतली आणि मांडीवर थाप मारली. रेक्सनं मान वर करून पाहिलं आणि बाजूला आला.

पळायची पाळी आली. कासोट्याशिवाय नेसलेल्या साडीत पळणं म्हणजे परीक्षाच, पण ती पळाली. रेक्स गुडघ्याशी गुडघा लावून पळाला. मग रांग लागली. आजूबाजूला भुंकण्याचा नि हुकमांचा नुसता गलका. ती एकटी गप्प. तळवा खाली धरलेला. दोरीपलीकडून चिंधा शेजारच्याला सांगत होता, "बठ्ठा कुत्रा भुकी राह्यनात, हाऊ एकटाच गुमान उभा शे."

परीक्षक होते निवृत्त मेजरसाहेब, मिशा पांढऱ्या, आवाज मऊ. ते एकेक कुत्रा बघत रांगेनं येत होते. तीन कुत्री राहिली. दोन. रेक्सचं अंग थरथरत होतं. मेजरसाहेबांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, ओठ उचलून दात पाहिले, पाय चाचपले. रेक्स हलला नाही. मेजरसाहेब मान डोलावून पुढे सरकले आणि कुसुमलतानं किती तरी वेळानं श्वास सोडला.

त्याच क्षणी रेक्सचं नाक वर झालं.

शेजारी एका जाड्या साहेबांचा बुलडॉग होता. त्याला ताठ उभा करायला साहेबांनी खिशातून काहीतरी काढून त्याच्या नाकासमोर धरलं. उकडलेली कलेजी. तिकडे सगळेच तसं करत. कुसुमलतानं रेक्सला थाळ्यांच्या आवाजाची सवय केली होती, फेट्यांची केली होती, परक्या हातांची केली होती. पण मांसाचा वास त्यांच्या गल्लीतच कधी आला नव्हता, तर त्याची सवय करावी हे तिला सुचणार कुठून? तिला तर तो वास कसला हेही उमगलं नाही. रेक्सला मात्र तो जन्मात पहिल्यांदा आला होता.

त्यानं तिचा तळवा पाहिला नाही. डोकं खाली घातलं, मागे एक झटका दिला, आणि सैल पट्टा कानांवरून निघून साखळीसह तिच्या हातात राहिला.

दोरीशी साहेबांची पाच-सहा वर्षांची पोर बसली होती. तिच्या मांडीवर पत्र्याचा डबा, उघडा, कलेजीच्या तुकड्यांनी भरलेला. रेक्स बाणासारखा तिकडे सुटला. कोणीतरी किंचाळलं. कुसुमलतानं चुटकी वाजवली. त्या कल्लोळात तिची तिलाही ऐकू आली नाही. पोरगी डबा छातीशी धरून जागच्या जागी गोठली होती, आणि तिच्यापासून चार खुर्च्यांवर ज्ञानचंदजी अर्धवट उठून उभे राहिले होते.

"रेक्स, बस!"

एवढा मोठा आवाज आपल्या गळ्यात आहे हे कुसुमलताला माहीत नव्हतं. घुंघट दातांतून सुटून खांद्यावर आला होता. सगळं मैदान तिच्याकडे वळलं.

आणि रेक्स बसला. पोरीपासून हातभर अंतरावर, घसरत जाऊन, गवत उकरत बसला. नाक डब्याकडे, तोंडातून लाळेची तार, सगळं अंग लटलट कापतंय, पण बूड जमिनीला. ती चालत त्याच्यापाशी जाईपर्यंत तो तसाच होता. तिनं पट्टा चढवला आणि त्याच्या मानेत तोंड खुपसून ती रडली. लोक बघत होते तर बघोत.

मेजरसाहेब आले. कुत्रा चांगला आहे, पुढच्या वर्षी जरूर आणा, पण पट्टा घट्ट बांधून, असं ते गौतमचंदला म्हणाले. आणि चौकात सुटलेला कुत्रा बाद, हा नियम आहे, त्याला माझा इलाज नाही.

परतीची गाडी निघाली. रेक्स मागे गार्डाच्या डब्यात. भादली स्टेशन गेल्यावर ज्ञानचंदजींनी खिडकीबाहेर बघत प्रेमकुंवरना सांगितलं, "तिला सांगा, शब्द म्हणजे शब्द. माल नापास झाला. परवा चिंधा त्याला धुळ्याला पोचवून येईल."

सासूबाईंनी सुनेकडे वळायच्या आतच सून बोलली. घुंघट खाली होता, पण आवाज सरळ समोरच्या बाकावर चालला होता.

"बापूजी, पट्टा माणसांनी सैल केला होता. तो सुटला, ती आमची चूक. पण बांधलेला कुत्रा तर कोणाचाही उभा राहतो. हा मोकळा असताना थांबला. समोर पोर होतं, खाणं होतं, कोणी धरलेलं नव्हतं, तरी थांबला. याच्याहून मोठी परीक्षा मला माहीत नाही. तुम्हाला माहीत असेल तर ती घ्या. पण जो मोकळा थांबतो, त्याला जन्मभर साखळीला बांधू नका."

गौतमचंदनं मान खाली घातली. प्रेमकुंवरनी पदराचं टोक मुठीत आवळलं. ज्ञानचंदजी खिडकीबाहेरच बघत राहिले. कुसुमलताला वाटलं, झालं, कुत्राही गेला आणि आपली लाजही गेली. पण बोलल्याचा पस्तावा काही केल्या तिला होईना.

जळगाव आलं. गार्डानं पेटी उघडली आणि रेक्स बाहेर आला. ज्ञानचंदजी दोन पावलांवर उभे होते. कुत्र्याचे कान उभे झाले, पुढचे पाय उचलायला आले. कुसुमलतानं तळवा खाली धरला. पाय जमिनीवरच राहिले.

ज्ञानचंदजींनी कुत्र्याकडे पाहिलं. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं नाही, मुलाकडे पाहिलं नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा ते सुनेशी बोलले.

"बिनणी, साध्वीजी पुन्हा दारी येतील तेव्हा याला तूच हाक मार. मोठ्यानं मार. मला पेढीवर ऐकू आली पाहिजे."

आणि ते पुढे होऊन टांगा बघायला गेले.