सड्यावरची पालखी

केरूनानांनी जन्मात कुणाला 'नाही' म्हटलं असेल, तर तो माणूस आणून दाखवा, असं वाडीतली पोरंसोरंसुद्धा म्हणायची. एका मुहूर्तावरच्या दोन लग्नांना या गृहस्थांनी होय म्हटलं होतं आणि एका मांडवात अक्षता टाकून दुसऱ्या मांडवात जेवायला धावले होते. निवडणुकीला दोन्ही पार्ट्यांची माणसं एकाच सकाळी येऊन गेली. दोघांनाही होय, आणि वर दोघांनाही कोकम सरबत. गावात त्यांना होयबा म्हणत, अगदी तोंडावर म्हणत, आणि नाना त्यालाही मान डोलावत. त्यांची बायको गंगाआजी म्हणायची, "उद्या यम आला तरी हे होय म्हणतील, नि वर त्याला इचारतील, भाकरी खाऊन निघतोस काय!"

पण या शिमग्यात त्या होयनं आजीचाच घात केला.

त्याचं असं की, थंडी सरली की ही दोघं वाडीतलं घर बंद करून वर सड्यावरच्या खोपीत राहायला जात. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं माळरान. त्याच्या एका उतारावर त्यांची काजूची बाग, मधेमधे हापूसची झाडं. खोपी कसली, कमरेएवढी चिऱ्याची भिंत, वर काटक्यांचा कूड आणि पत्रे, पुढं सारवलेलं अंगण. बी पडायला लागली की राखणीला माणूस हवंच, नाहीतर वांदर आणि चोर, दोघांचीही दिवाळी. सकाळी उठून झाडाखाली पडलेली बोंडं, म्हणजे काजूची फळं, गोळा करायची, पिरगळून बी वेगळी करायची, उन्हात पसरायची. दुपारी ओल्या काजूगरांची आमटी, नाचणीची भाकरी, मग नाना बाजेवर आणि आजी कुडाला टेकून. वांदर आले की नाना डबा बडवत आणि आजी शिव्या देत. वांदर शिव्यांनाच जास्त भ्यायचे, हे नानाही कबूल करत. आजीला वर्षातले हे दिवस फार प्रिय होते. लग्न होऊन आली तेव्हा सासूच्या हाताखाली, मग पोराच्या मागं, मग भातशेतीत आयुष्य गेलं. आता भात भाऊबंद लावत होते आणि ही खोपी तिची एकटीची होती. इथं ती कुणाची सून नव्हती, कुणाची आई नव्हती. म्हणायलाच नानांची बायको होती. खरं तर मालकीण होती.

खोपीत फोनला रेंज नव्हती. रेंज होती ती सड्याच्या कडेला एका उंच कातळावर. रोज संध्याकाळी नाना त्या कातळावर चढत आणि मुंबईत असलेल्या विनीतशी, म्हणजे एकुलत्या एक मुलाशी बोलत. बोलत म्हणजे काय, वारा भणभणतोय, गुडघा ठणकतोय, आणि नाना म्हणताहेत, "होय. होय रे. होय होय." परत आले की आजी विचारायची, काय म्हणाला विनीत? नाना सांगायचे, "बरा हाय. सानवी पन बरी हाय." संपलं.

होळी झाली आणि तिसऱ्या दिवशी दुपारी विनीत अचानक चढण चढून वर आला. मागं सानवी, त्याची शाळकरी लेक. पोरीनं येता येता तीन बोंडं खाल्ली होती. घसा खवखवत होता आणि फ्रॉकवर असा डाग पाडून घेतला होता की तो आता फ्रॉक फाटेपर्यंत जायचा नाही. आजीला कोण आनंद झाला! पण विनीतच्या हातात घडी केलेले रिकामे खोके होते.

"हे कशाला रे?" आजीनं विचारलं.

"सामान भरायला, आये. उद्या पालखी खालच्या घरी येऊन गेली की निघायचं ना? बाबांशी सगळं ठरलंय. बागही एकाला सांभाळायला देऊन टाकतोय, तोच आंबा उतरवेल. आता तुम्ही दोघं माझ्याकडंच. कायमचं."

आजीनं नानांकडं पाहिलं. नाना बाजेच्या सुंभाकडं पाहत होते.

"अवो, काय सांगितलंत तुमी याला?"

"होय म्हटलं," नाना म्हणाले.

आजीच्या पायाखालचा कातळच सरकला. मग अशी चिडली, अशी चिडली की समोरचं बोंडाचं घमेलं उचलून तिनं दुसरीकडं आपटलं. "त्या कातळावर उभं राहून माझी खोपी देऊन टाकलीत? निदान बसून तरी द्यायची!"

आता विनीत काही वाईट मुलगा नव्हता, हे सांगायला हवं. मागच्या वर्षी नानांना बागेत चक्कर आली होती. आजीनं त्यांना सावलीत ओढलं, पाणी मारलं, आणि कातळावर चढून फोन लावेपर्यंत तिचाच जीव जायची वेळ आली. विनीत तेव्हापासून धसकला होता. "आये, इथं गाडी येत नाही, डॉक्टर येत नाही," तो म्हणाला. "तिकडं मला फोन वाजला की आधी पोटात गोळा येतो. उद्या तुम्हाला काही झालं तर मी काय करू, सांग." आजीला ते कळत होतं. पण लेकाच्या पोटात गोळा येतो म्हणून आईनं जिवंतपणीच खोक्यात जाऊन बसायचं, हे काही तिला पटेना. त्याच्याकडं ती पूर्वी राहून आली होती. खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसायची, आणि दिवसभर करायला काय, तर संध्याकाळ व्हायची वाट बघायची.

ती भांडली नाही. भांडून काही व्हायचं नाही हे तिनं ओळखलं, आणि चुलीपुढं बसून डोकं चालवलं.

गावची रीत अशी की शिमग्यात वाघजाईची पालखी घरोघर फिरते, आणि घर म्हणजे जिथं माणसाची चूल पेटलेली आहे ते. चूल तिथं दार, दार तिथं पालखी. आजवर पालखीच्या दिवशी ही दोघं खाली जाऊन घर उघडत, चूल पेटवत, पालखी घेत आणि परत वर येत. पण कुणी आपलं दार दुसरीकडं दाखवलं, तर पालखीला तिकडं जावंच लागतं. आणि एकदा का आई एखाद्या दारात आली, की दर शिमग्याला ते दार उघडं आणि चूल पेटलेली हवी. पालखी आली नि दार बंद, असं त्या गावात झालेलं नव्हतं, आणि विनीत कितीही मुंबईकर झाला तरी ते त्याच्या हातून होणार नव्हतं. आजीला हसूच आलं. पालखी एकदा खोपीत आली की खोपी वाचली, आईच्या दाराची बाग परक्याला कोण देणार!

घोडं एकाच ठिकाणी अडत होतं. दार दाखवायचं ते घरधन्यानं. सहाणेवर, म्हणजे पालखी बसते त्या चौथऱ्यावर, नारळ ठेवून चारचौघांत त्यानं स्वतः मागायचं. घरधनी धडधाकट असताना बाईनं मागून चालत नाही. ही रीत कुणी काढली त्याला आजीनं मनातल्या मनात दोन शिव्या हासडल्या, पण रीत ती रीत.

विनीत सानवीला झरा दाखवायला गेला तसं तिनं नानांना धरलं. "उद्या सहाणेवर बाबल्या गावकर इचारंल, पालखी कुटल्या दारात. तुमी नारळ ठेवायचा नि म्हणायचं, वर खोपीत. ध्यानात ऱ्हाईल?"

"होय," नाना म्हणाले. दरवर्षी दार उघडं ठेवावं लागेल वगैरे तिनं त्यांना काही सांगितलं नाही. साध्या माणसाच्या डोक्यात उगीच गुंता नको.

दिवेलागणीला विनीत नानांशेजारी बाजेवर बसला. "बाबा, उद्या पालखी खाली नेहमीसारखी घेऊ आणि जेवून लगेच निघू. चालेल ना?"

"होय," नाना म्हणाले.

आजीनं कपाळावर हात मारून घेतला.

सकाळी सहाणेवर ही गर्दी. ढोल-ताशांनी कान बसले होते, गुलाल उडत होता, आणि मधोमध बाबल्या गावकर एकेका घराचं नाव पुकारून पालखीची वाट ठरवत होता. हा बाबल्या लहानपणी आजीच्या परड्यातले पेरू चोरायचा. आता फेटा बांधला की त्याचा मान सगळ्यांत मोठा. नानांच्या हातात नारळ होता. एका बाजूला विनीत, दुसऱ्या बाजूला आजी. आजीची छाती ढोलापेक्षा जोरात वाजत होती. इतक्या वर्षांच्या संसारात तिला या माणसाची एवढी भीती कधी वाटली नव्हती.

"केरूनाना!" बाबल्यानं पुकारलं. "पालखी कुटल्या दारात?"

"खालच्या घरात, नेहमीसारखी," विनीतनं चटकन सांगून टाकलं.

"बरं. नाना, नेमीसारखीच ना?" असं विचारून बाबल्या पुढच्या घराकडं वळलासुद्धा. होयबाच्या उत्तराला कोण थांबतो?

"नाय," नाना म्हणाले.

ढोलवाल्याचा हात वरच राहिला. बाबल्या मागं वळला. "काय म्हनलात?"

"नाय म्हनलंय." नानांनी पुढं होऊन नारळ सहाणेवर ठेवला. "माजी चूल वर सड्यावर हाय. आईची पालखी वर खोपीत आना."

एकच गलका झाला. चढ केवढा, ऊन केवढं, ढोल कोण वर नेणार! विनीत म्हणाला, "बाबा, अहो काय हे?" बाबल्यानं सगळ्यांना गप्प केलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "नाना, आमची ना नाय. पन एकदा पालखी वर नेलीव तर दरवर्षी दार उघडं ठेवावं लागंल. चूल पेटलेली लागंल. ठाव हाय ना?"

"ठाव हाय," नाना म्हणाले. "म्हनूनच मागतंय."

आजी बघतच राहिली. म्हणजे हा साधा माणूस सगळं समजून होता! आणि ती आदल्या दिवशी त्याला लहान पोराला पढवावं तशी पढवत होती. तिला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त त्याचा अभिमान वाटला, आणि भर सहाणेवर तिचे डोळे भरून आले.

पालखी सड्यावर चढली. ढोलवाले वाटभर कुरकुरले, पण चढले. अर्ध्या चढावर एक भोई दमला तेव्हा विनीतनं चपला काढल्या आणि खांदा दिला. चेहरा रागानं लाल झाला होता, पण खांदा त्यानं हलू दिला नाही. खोपीच्या अंगणात पालखी नाचली. आजीनं ओटी भरली, सानवीनं गुलालात आपला डागाळलेला फ्रॉक पुरता रंगवून घेतला, बाबल्यानं देवीपुढं गाऱ्हाणं घातलं. आलेल्या प्रत्येकाला भाजलेले काजूगर दिले, तशी ढोलवाल्यांची कुरकुर थांबली. पुढच्या वर्षी ताशे जास्त आणू, असंही एक जण म्हणून गेला.

पालखी उतारावरून दिसेनाशी झाली आणि अंगणात चौघंच उरली.

"बाबा," विनीत म्हणाला, "तुम्हाला जायचंच नव्हतं, तर मला फोनवर होय का म्हणालात? गावासमोर तोंडघशी पाडलंत मला."

नाना बाजेवर टेकले. दमले होते. गुडघा चोळू लागले.

"तू इचारलंस कुटं?" ते म्हणाले. "तू सांगत होतास. सांगणाऱ्याला मी होय म्हनतो. काय हवं, ते तू कदी इचारलं नायस." मग त्यांनी आजीकडं बोट केलं. "ही पन सांगतेच."

विनीतनं मान खाली घातली. आजीलाही ते लागलं. इतक्या वर्षांत आपण या माणसाला काय काय सांगितलं हे तिला आठवेना इतकं होतं, आणि काय विचारलं हे शोधावं तर काहीच सापडेना. मघाशी आपणच जिंकलो असं तिला वाटलं होतं. आता ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

"बरं, मग इचारतंय," ती म्हणाली. आतून घाबरली होती, कारण याचं उत्तर तिला खरंच माहीत नव्हतं. "तुमाला काय हवंय?"

नानांनी उत्तर द्यायला घाई केली नाही. एवढ्या वर्षांनी विचारलंय, तर सावकाश द्यावं असा त्यांचा चेहरा होता.

"शिमग्यापासून आंबा संपेस्तवर हितं," ते म्हणाले. "तवा कुनी मला हलवायचा नाय. पन पावसाळ्यात भात आपलं नाय, ढोरं नायत, खाली घरात बसून मी निस्ता कौलं मोजतंय. तवा मला इनीतकडं ऱ्हायचंय. हिला शाळेत सोडाया," त्यांनी सानवीच्या डोक्यावर हात ठेवला. "नि ती चक्कर कशापायी आली, ते तिकडल्या डाक्टरला दाखवायचंय. मला पन भ्या वाटतं रे."

विनीतनं वर पाहिलं. मग उठून खोपीत गेला, आत ठेवलेले खोके घेऊन बाहेर आला आणि एक सोडून बाकीचे अंगणातल्या सरपणावर टाकले.

"हा पावसाळ्यासाठी राहू दे," तो म्हणाला. "आणि सड्यापर्यंत गाडी येईल अशी वाट करायची, बाबा, की नको? विचारतोय."

"करूया," नाना म्हणाले.

आता तिघंही आजीकडं बघू लागली. चार महिने ती दुसऱ्याची खिडकी, ती गॅसवरची भाकरी! तोंडावर आलेलं तिनं गिळायचा प्रयत्न केला, पण ती काही होयबा नव्हती.

"येते मी पावसात," ती म्हणाली. "पन तितं मला करमणार नाय, नि ते मी रोज बोलून दाखवणार. सकाळी पन नि संध्याकाळी पन."

"बोल की," नाना म्हणाले. "आयकायला मी हाय ना."

आजीनं डोळे पुसले आणि जेवणाचं बघायला ती आत गेली.